सतरा नंबरचं बंद दुकान

१

बुधवारी सकाळी साडेनऊला ताईनं आपलं बटणांचं दुकान उघडलं, काउंटरवरून फडकं मारलं, रिबिनीची रिळं रंगवार लावली आणि मग बाहेर येऊन दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद वाचला. कागदावर पालिकेचा शिक्का होता. दुकान क्रमांक सतरा मोजणीच्या दिवशी बंद व रिकामे आढळले, असं त्यात लिहिलं होतं.

सतरा नंबर म्हणजे हेच दुकान. ताईनं वळून आत पाहिलं. दुकान जागेवर होतं. ती स्वतःही होती. तेव्हा तिनं धाकट्या भावाला फोन लावला आणि म्हणाली, "ये रे जरा. मी रिकामी आहे असं सरकारी पत्र आलंय."

धाकटा म्हणजे वय वर्षं चौसष्ट. पस्तीस वर्षं वजनमापं निरीक्षक म्हणून काढून निवृत्त झालेला. रिकामा तराजू एखाद्या पारड्याकडे किंचित झुकतो, त्या फरकाला पासंग म्हणतात. तो यानं इतक्यांचा पकडला होता, की दुकानदारांनी याचंच नाव पासंग ठेवलं. समोर सगळे 'साहेब' म्हणत. पाठीमागे काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्तीनंतर तो रोज ताईच्या दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची वाट पाहत असे आणि गिऱ्हाईक आलं की त्याची वाट अडवत असे.

त्यानं कागद दोनदा वाचला. एकूण दुकानं चाळीस, पैकी बंद दहा.

हा दहाचा आकडा वाईट होता. शहराच्या मध्यातला हा बाजार दोन वर्षं झिजत चालला होता. आधी जुनी दुकानं बंद पडली, त्यांच्या जागी मोबाईलची आली, आणि लोक मोबाईलवरूनच सगळं मागवायला लागल्यावर तीही बंद पडली. पालिकेनं नियम काढला, की दर वर्षी मोजणी करायची आणि चाळिसात दहा दुकानं बंद निघाली तर बाजार ओसाड जाहीर करायचा. म्हणजे सगळ्यांचे भाडेकरार संपले, आणि त्या जागी सहा मजली पार्किंग. बाजारात यायला लोक उरले नव्हते, पण त्यांच्या गाड्यांची सोय होणार होती.

"नऊ बंद आहेत, हे मलाही माहीत आहे," पासंग म्हणाला. "दहावं तू कधी झालीस?"

"काल. मंगळवारी सकाळी दहा चाळीसला. फोटोसुद्धा जोडलाय बघ."

फोटोत जाळीचं शटर होतं, खाली ओढलेलं, कुलूप लावलेलं. त्यावर १७ अशी नवीकोरी पाटी.

"काल तू दुकान उघडलं होतंस ना?"

"चाळीस वर्षांत उघडलं नाही असं कधी झालंय? तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा अकरापर्यंत उघडं होतं."

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही."

"म्हणजे साक्षीदार नाही."

"वा! गिऱ्हाईक नाही म्हणून साक्षीदार नाही, आणि साक्षीदार नाही म्हणून दुकान नाही. असंच चालू दे." ताईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोटो हातभर लांब धरला. मोत्याच्या बटणांतलं प्लास्टिकचं बटण ती याच नजरेनं निवडत असे. "धाकट्या, यात ऊन बघ."

शटरवर लख्ख ऊन पडलं होतं.

"माझ्या दारात चार वाजेपर्यंत उन्हाचा कवडसा येत नाही. चारनंतर येतो, म्हणून तर पडदा सोडते, नाहीतर रिबिनी विटतात. सकाळी पावणेअकराला ऊन असतं ते समोरच्या ओळीत."

"आणि काल तुझी पाटी कुठे होती?"

"रंगवायला गेली होती ना सगळ्यांची! बाकीच्यांच्या सोमवारीच परत आल्या. माझी आज सकाळी पायरीशी टेकवून ठेवलेली सापडली. कोण ठेवून गेलं कोण जाणे."

पासंगानं फोटो घडी करून खिशात घातला. मोजणी चालू होती तेव्हा ताईची पाटी समोरच्या ओळीत कुणाच्या तरी शटरवर होती. वाऱ्यानं पाट्या उडतात. पण वारा त्या बांधत नाही.

२

पालिकेत मोजणीचं काम एका तरुण बाईंकडे होतं. चार महिन्यांपूर्वीच लागलेल्या. टेबलावर तक्ते इतके नीट, की पासंगाला पहिल्या नजरेतच त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

"तुम्ही पाट्या मोजता की दुकानं?" त्यानं विचारलं.

"नियमात पाट्या आहेत," बाई म्हणाल्या. "चाळीस पाट्या. तीस उघड्या, दहा बंद. बंद असतील त्यांचे फोटो."

"सतरा नंबर समोरच्या ओळीत कसा, असं नाही वाटलं?"

"साहेब, तुमच्या बाजारात नंबर परवान्याच्या क्रमानं दिलेत. चारच्या शेजारी एकतीस आहे, एकतीसच्या शेजारी नऊ. तिथे मला काही वाटून काय उपयोग?"

हे खरंच होतं.

"एखादं उघडं दुकान विनापाटीचं दिसलं होतं का?"

"दिसलं ना. बटणांचं. एक आजी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. रिबिनी फार छान लावल्या होत्या."

"मग ते का नाही मोजलं?"

बाईंनी तक्ता त्याच्यासमोर सरकवला. "पाटी नसलेल्या दुकानाला रकाना नाहीये."

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला रकान्याबद्दल आदर असतो. पासंगानं दहाही फोटो मागून घेतले आणि खिडकीपाशी नेऊन एकेक पाहिले. नऊ फोटोंत पाटी शटरला तपकिरी चिकटपट्टीनं चिकटवली होती. दहावी तेवढी सुतळीनं बांधलेली. पाटीच्या चारही कोपऱ्यांना भोकं होती. सुतळी आकड्याच्या वरून एक आणि खालून एक अशी सरळ आडवी गेली होती, पट्टीनं रेघा माराव्यात तशी.

"हरकत घ्यायची असेल तर शुक्रवारी पाचच्या आत," बाई म्हणाल्या. "बाजार मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीनं. त्यांच्या सहीशिवाय मला घेता येणार नाही."

परत येऊन पासंगानं समोरची ओळ पायी मोजली. चौकाकडून पाचवं होतं ते पूर्वीचं कापडाचं मोठं दुकान. हे एकच दुकान दोन शटरांचं, मध्ये दगडी खांब. डाव्या शटरवर तपकिरी पट्टीनं लावलेली २४ची पाटी. उजवं शटर कोरं. पण फोटोत दिसणारा जाळीचा वाकलेला गज इथे होता, आणि गजाला सुतळीचे दोन-चार धागे अडकून राहिले होते.

एकच बंद दुकान दोनदा मोजलं गेलं होतं, एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा ताईच्या.

संध्याकाळी ताईनं दहावा फोटो पुन्हा हातात घेतला आणि खूप वेळ निरखला.

"गाठ कुठाय?"

"म्हणजे?"

"अरे, सुतळी आहे तर गाठ हवी. आपण काहीही बांधलं तर गाठ पुढे येते. इथे गाठ नाही, टोकंसुद्धा नाहीत. मग हे धरलंय कशानं?"

३

पाट्या तिघांच्या हातून गेल्या होत्या. पेंटरनं त्या रंगवल्या. बाजार मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानातून त्या वाटल्या गेल्या. आणि बंद दुकानांच्या पाट्या दलालानं नेऊन लावल्या, कारण त्या दुकानांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

गुरुवारी पासंगानं माळ्यावरून आपली तपासणीच्या वजनांची लाकडी पेटी काढली. निवृत्त होताना ती कार्यालयात जमा करायची होती, पण जमा करून घेण्याचा फॉर्म संपला होता. पेटीच्या झाकणाची बिजागरी निखळली होती. त्यानं ती काखेत मारली, खिशात सुतळीचं बंडल टाकलं आणि निघाला.

पेंटर शिडीवर चढून 'भाड्याने देणे आहे' असं रंगवत होता.

"धंदा कसा काय?"

"जोरात आहे साहेब. दुकानं बंद पडतायत ना!" पेंटर खाली उतरला. "पाट्या? चाळीसच्या चाळीस सोमवारी दुपारी अध्यक्षांच्या काउंटरवर मोजून दिल्या. सतरा त्यात होती. तिच्यावरच्या साताची शेपटी जरा लांबली, म्हणून ध्यानात आहे."

"बरं. ही पेटी तेवढी बांधून देता का? बोटं वळत नाहीत माझी. ही घ्या सुतळी."

"सुतळी कसली? उन्हात कुजते ती." पेंटरनं खिशातून तार काढली, दोन वेढे दिले, पक्कडीनं पीळ घातला आणि पेटी परत दिली. ती सोडवायला पासंगाला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जावं लागलं.

दलालाच्या खोलीत भिंतभर किल्ल्या टांगल्या होत्या.

"नऊ दुकानं रिकामी ना?" पासंगानं विचारलं.

"रिकामी म्हणू नका हो. उपलब्ध म्हणा."

"बाजार गेला तर तुमचं बरंच होईल, असं लोक म्हणतात."

"लोकांना काय जातंय? बाजार गेला तर मी भाड्यानं देऊ काय? पार्किंगचे खांब? मी काउंटरवरून नऊ पाट्या उचलल्या, नऊ लावल्या. दहावी काय कपाळावर लावू?" पेटी बघून त्यानं सुतळी हातातही धरली नाही. तपकिरी चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि पेटीला पाच वेढे मारले. "घ्या. आता भूकंपातही उघडायची नाही."

पट्टी सोलत सोलत पासंग अध्यक्षांकडे पोचला.

अध्यक्षांचं चपला-बुटांचं दुकान ताईच्या बरोब्बर समोर होतं. शेचाळीस वर्षांचं. भिंतीवर फक्त डाव्या पायाचे बूट मांडलेले; जोडीतला एकच मांडला की चोर फिरकत नाही. 'बाजार वाचवा' हा फलक यांचाच, सभा यांच्याच, घोषणाही यांनीच रचलेल्या. पासंग आत शिरला तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"ताईंवर अन्याय झालाय, साहेब!" अध्यक्ष उठूनच बोलू लागले. "हा घाला आहे. पण आपण हटणार नाही!"

"सतराची पाटी सोमवारी तुमच्याकडे होती का?"

"आलीच नाही. मला वाटलं रंग वाळला नसेल."

"पेंटर म्हणतो, मोजून दिली."

"पेंटर काय, शुद्धलेखनातसुद्धा मोजून चुकतो. द्या ती पेटी इकडे, बांधून देतो." अध्यक्षांनी सुतळी घेतली. त्यांचं तोंड लढ्याबद्दल बोलत राहिलं आणि हात आपले बांधत राहिले. "हा बाजार म्हणजे शहराचं काळीज आहे, साहेब. काळजात पार्किंग करतं का कुणी?"

"बरोबर. मग हरकतीच्या अर्जावर तेवढी सही करा."

अध्यक्षांचे हात थांबले.

"करणारच. पण ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभा... सोमवारी घेऊ."

"मुदत उद्या पाचपर्यंत आहे."

"लोकशाहीत घाई करून चालत नाही," असं म्हणून अध्यक्षांनी पेटी त्याच्या हातात दिली.

रस्ता ओलांडून पासंगानं पेटी ताईच्या काउंटरवर ठेवली. ताईनं वर पाहिलं, चष्मा खाली घेतला आणि मोजत असलेली बटणं तशीच राहू दिली.

"हे कुणी बांधलं?" तिनं हळूच विचारलं. "गाठ कुठाय?"

४

शुक्रवारी दुपारी चार वाजता पासंग अध्यक्षांच्या दुकानात बूट घालून बघायच्या बाकावर जाऊन बसला.

"कुठला दाखवू?" अध्यक्षांनी सवयीनं विचारलं.

"भिंतीवरचा. तो नाडीवाला."

अध्यक्षांनी बूट काढून दिला. पासंगानं तो मांडीवर घेतला. नाडी एकाखाली एक सरळ आडवी गेली होती, पट्टीनं रेघा माराव्यात तशी. गाठ नव्हती, टोकंही दिसत नव्हती. त्यानं आत बोट घातलं. दोन्ही टोकं आत खोचलेली होती.

"हे असं का करतात हो?"

"गाठ दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, कुणीतरी घालून काढलाय," अध्यक्ष म्हणाले. "नवा बूट नवाच दिसायला हवा. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं. आता तर हात..."

ते बोलता बोलता थांबले.

पासंगानं खिशातून फोटो काढून बुटाशेजारी ठेवला. "पेंटर तारेनं बांधतो. दलालाला चिकटपट्टीपलीकडे काही येत नाही. आमची ताई गाठ पुढे मारते, मीही तसंच करतो. या बाजारात गाठ मागे खोचणारं दुकान एकच आहे. त्यातून पाटी सोमवारपासून तुमच्या काउंटरवर. आणि सही मात्र सोमवारनंतर."

अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. गेली दोन वर्षं त्या दारानं हे एवढंच इमानदारीनं केलं होतं.

"ताईंचीच का?" पासंगानं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो बाकावरून उठलाही नव्हता.

"सगळ्यात शेवटी त्यांचीच उरली होती काउंटरवर. त्या दुकान सोडून येणार कशा? मी म्हटलं, पोचवतो मी. पोचवायलाच निघालो होतो." अध्यक्ष समोरच्या स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायच्या त्या ठेंगण्या स्टुलावर. "काल दोन माणसं आली साहेब. दोघांनीही नव्या मॉलचा रस्ता विचारला. मी सांगितला. डावीकडे वळा म्हटलं, सोपं आहे. मुलगी रोज फोन करते, बाबा इकडे या, नातू बोलायला लागलाय. जावं वाटतं. पण कसं जाऊ? चार सभांत छाती ठोकून सांगितलंय, मी शेवटचा माणूस असेन म्हणून. अध्यक्षच शटर ओढून पळाला, असं म्हणतील. बाजारच गेला असता तर... मी गेलो असं झालं नसतं."

"तुम्हाला तुमचं दुकान बंद करवेना, म्हणून तुम्ही दुसऱ्या तीस जणांची बंद करायला निघालात."

"असं म्हटलं की फार वाईट दिसतं हो."

"वजन केलं की तसंच दिसतं."

अध्यक्षांनी तो बूट उचलून भिंतीवर त्याच्या जागी ठेवला. मग हात पुढे केला. "द्या तो अर्ज." त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "आता लपवायचं काही नाही. महिनाअखेर मी माझं दुकान माझ्या हातानं बंद करतो. उजळ माथ्यानं."

पासंग अर्जाची घडी घालता घालता थांबला. त्यानं मनातल्या मनात बेरीज केली. बेरीज लहान होती, पण त्यानं ती दोनदा केली.

"नऊ आणि एक," तो म्हणाला.

अध्यक्षांच्याही ध्यानात आलं. लबाडीनं दहा झाले होते. आता प्रामाणिकपणानंही दहाच होत होते. पुढच्या वर्षीच्या मोजणीला पाट्या आपापल्या जागी असत्या आणि बाजार तरीही गेला असता.

५

"झाली का सही?" दारात ताई उभी होती. साडेचार वाजून गेले होते. समोर तिच्या दुकानाचा पडदा सोडलेला होता. चाळीस वर्षांत धंद्याच्या वेळी तिनं प्रथमच रस्ता ओलांडला होता.

दोघांनी तिला सगळं सांगितलं, म्हणजे अध्यक्षांनी सांगितलं आणि पासंगानं त्यातलं काही गाळू दिलं नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती अध्यक्षांकडे वळली.

"मला विचारायचं होतंत. नातवाकडे जा म्हणून मीच हाकललं असतं तुम्हाला."

"ताई, चुकलं माझं."

"चुकलंच. पाटी पायरीशी टेकवून गेलात, तीसुद्धा उलटी." एवढ्यावर तिनं तो विषय संपवला आणि धाकट्याकडे पाहिलं. "तू निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"सहा."

"सहा वर्षं माझ्या स्टुलावर बसून आहेस. तिथे अंगानं जरा रुंद गिऱ्हाइकाला आत यायला जागा नसते. बसायचंच आहे तर इथे बस."

"मी? बूट विकू?"

"त्यात काय आहे? पाय मोजायचे असतात. पस्तीस वर्षं लोकांची मापं काढलीस, आता उघडपणे काढ."

"अगं पण मला धंद्यातलं..."

"मला तरी काय येत होतं? हे गेले तेव्हा मला बटण शिवता यायचं, विकता नाही." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "आणि विचार चालत चालत कर. पाच वाजत आलेत."

पाचला दहा कमी असताना मोजणीवाल्या बाईंनी अर्ज घेतला. 'चूक कशी झाली' या रकान्याशी त्या थांबल्या. पासंगानं लिहिलं होतं, की एका दुकानाला दोन शटर असल्यानं ते दोनदा मोजलं गेलं. सतराची पाटी चुकीच्या शटरवर लावली गेली होती.

"कुणी लावली?" बाईंनी विचारलं.

"त्याला रकाना नाहीये," पासंग म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. दहाचे नऊ झाले.

महिनाअखेर अध्यक्ष मुलीकडे गेले. निरोपाच्या सभेत त्यांनी शेवटचं भाषण केलं, आणि नवीन माणसाच्या हाती बाजार सुरक्षित आहे असं सांगताना त्यांचा गळा दाटून आला. ते दाटून येणं खरं होतं. पासंगानं नीट पारखून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शटर वर केलं. अकरा वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं, एक जाडसर गृहस्थ. त्यांनी काळा बूट पायात चढवला, चार पावलं चालले आणि विचारलं, "कसा वाटतो?"

"चावेल," पासंग म्हणाला. "टाच अर्धं बोट कमी आहे. शिवाय कातडं तितकं चांगलं नाही."

गृहस्थांनी आभार मानले आणि निघून गेले.

साडेअकराला आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं चपलेचा एक अंगठा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असल्याचं दाखवून दिलं. तेही आभार मानून गेलं. रस्त्यापलीकडून हे सगळं पाहणारी ताई शेवटी पायरीवर आली आणि भर बाजारात ओरडली,

"अरे धाकट्या, थोडं तरी खोटं बोल!"

बारा वाजता एक बाई आल्या. त्यांनी तांबड्या रंगाची चप्पल घालून पाहिली आणि आरशात बघत विचारलं, "शोभते का हो मला?"

पासंगानं समोर पाहिलं. ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यानं एक मोठा श्वास घेतला, मन घट्ट केलं आणि म्हणाला, "फार शोभते."

बाईंनी चप्पल घेतली. त्या रस्त्यानं चौकाकडे निघाल्या तसा तो दारापर्यंत आला आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिला. चप्पल त्यांना खरोखरच शोभत होती. म्हणजे आयुष्यातलं पहिलं खोटं अजून बोलायचंच राहिलं होतं.

तो आत आला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाक पुसून ठेवला.